राजाच्या डोक्याला बूच : इंग्लंडच्या 'रिफॉर्म' बुधल्यांची गोष्ट

आज आपण ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती दिसायला अगदी साधी आहे. तपकिरी रंगाची, भाजलेल्या मातीची, उंची साधारण वीतभर, क्वचित दीड वीत. वरच्या अर्ध्या भागात एक माणूस, कंबरेपर्यंतचा. अंगात कोट, हातात कागदाची गुंडाळी. खालचा अर्धा भाग मात्र चपट्या बाटलीसारखा, आणि त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं. आता गंमत बघा, त्या माणसाच्या डोक्यावर भोक आहे आणि त्यात बूच बसतं. हा माणूस कधी इंग्लंडचा राजा असतो, कधी पंतप्रधान, कधी लॉर्ड चॅन्सेलर. आणि त्याच्या पोटात असते जिन.

संग्राहक मंडळी यांना 'रिफॉर्म फ्लास्क' म्हणतात. आपण आपल्या सोयीसाठी बुधली म्हणू. साधारण 1830 ते 1850 या वीस वर्षांत त्या इंग्लंडमध्ये निघाल्या. पुस्तकांतला राजकीय इतिहास बहुतेक वेळा संसदेच्या आतून लिहिलेला असतो. या बुधल्या तोच इतिहास गुत्त्याच्या फळीवरून दाखवतात. म्हणून आज त्यांची निवड केली.

माती, मीठ आणि भट्टी

आधी वस्तू कशी बनते ते पाहू, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच उलगडतं.

आपल्या घरात लोणच्याची बरणी असते. आपण तिला चिनी मातीची म्हणतो, पण ती नाजूक कपबशीसारखी नसते. ती जड, घट्ट, दगडासारखी असते. आंबट, खारट काहीही ठेवा, ती ते पीत नाही. या प्रकाराला स्टोनवेअर म्हणतात. साध्या मडक्याची माती कमी आचेवर भाजतात, म्हणून माठ पाझरतो. स्टोनवेअर 1200 अंश सेल्सियसच्या वर भाजतात. तेवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून मिसळतात आणि भांडं पाणी धरू लागतं.

इंग्लंडमध्ये हा धंदा रुजवण्याचं श्रेय जॉन ड्वाइट यांना देतात. त्यांनी 1672 साली लंडनजवळच्या फुलहॅममध्ये स्टोनवेअरचं पेटंट घेतलं. मूळ तंत्र जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठचं. त्यातली युक्ती म्हणजे मीठ. हो, आपलं जेवणातलं मीठच. भट्टी पूर्ण तापली की वरच्या भोकांतून मुठी मुठी मीठ आत टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिका आणि अल्युमिनाशी जुळतं आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढतो. हीच मिठाची झिलई. हात फिरवला तर ती संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत लागते. वरचा गडद तपकिरी रंग वेगळ्या कारणाने येतो. भाजण्याआधी भांड्याचा वरचा भाग लोह असलेल्या मातीच्या पातळ गाळात बुडवतात. म्हणून या बुधल्या वर चॉकलेटी आणि खाली फिकट पिवळसर दिसतात.

आकार देण्यासाठी चाक नाही, साचा वापरत. प्लास्टरचा दोन भागांचा साचा, एक पुढचा, एक पाठीचा. दोन्हींत मातीची पोळी दाबायची, दोन अर्धुकं जोडायची, सांध्याची रेघ घासून टाकायची. आपल्याकडे गणपती साच्यात करतात, पद्धत साधारण तशीच. याचा अर्थ असा की एकदा मूर्तिकाराने नमुना करून दिला की पुढचं काम पटापट होतं, स्वस्तात होतं आणि शेकड्याने होतं. अक्षरं मात्र ओल्या मातीत ठसे दाबून उठवत. ती शेवटी उठवायची असल्यामुळे गिऱ्हाईक म्हणेल तो मजकूर घालता येई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या धंद्याचं मोठं केंद्र होतं लंडनमधलं लॅम्बेथ, थेम्स नदीच्या दक्षिण काठावर. डेव्हन आणि डॉर्सेटची माती जहाजाने यायची, कोळसाही जहाजानेच यायचा, तयार माल होडीत चढायचा. मीठ भट्टीत पडलं की हायड्रोजन क्लोराइडचा तिखट धूर निघे. आणि शेजारीच लॅम्बेथ पॅलेस, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपचा वाडा! इथे डोल्टन अँड वॉट्स आणि स्टीफन ग्रीन यांचे कारखाने होते. उत्तरेला डर्बीशायरमध्ये डेन्बीचे बोर्न आणि चेस्टरफील्डजवळ ब्रॅम्प्टनचे ओल्डफील्ड अशीही नावं सापडतात. जॉन डोल्टन हे फुलहॅमच्या कारखान्यात काम शिकले होते. 1815 साली 100 पौंड घालून ते एका छोट्या कारखान्यात भागीदार झाले. हे नाव पुढे परत येणार आहे.

जिनचा काळ

आता आतल्या द्रव्याकडे वळू.

इंग्लंड आणि जिन म्हटलं की अठराव्या शतकाचा पूर्वार्ध आठवतो. लंडनच्या गरीब वस्त्यांत जिनने धुमाकूळ घातला होता. सरकारने कायद्यांवर कायदे केले. त्यांतला 1751 चा कायदा बऱ्यापैकी लागू पडला. त्याच वर्षी होगार्थने 'जिन लेन' हे प्रसिद्ध चित्र छापलं. पण जिनची दुसरी लाटही आली आणि ती आपल्या विषयाला जास्त जवळची आहे.

1825 साली सरकारने मद्यार्कावरचा कर एकदम कमी केला. चोरटी दारू आणि तस्करी थांबावी हा हेतू होता. परिणाम असा झाला की इंग्लंडमधला कायदेशीर खप बघता बघता जवळजवळ दुप्पट झाला. मग लोकांनी जिन सोडून निदान बिअर प्यावी, म्हणून 1830 मध्ये बिअर कायदा आला. दोन गिनी भरा, परवाना घ्या आणि घरात बिअर विका. हजारो दुकानं उघडली. जिनवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी दुकानं सजवली. मोठ्या काचा, गॅसचे दिवे, सोनेरी अक्षरांची पिंपं, चकचकीत लांब फळी. यांनाच 'जिन पॅलेस' म्हणू लागले. अंधाऱ्या, ओलसर, एका खोलीत आठ जण राहणाऱ्या माणसाला रस्त्यावरचा तो उजेड कसा वाटत असेल, कल्पना करा. डिकन्सने 1830 च्या दशकात या दुकानांवर लिहिलं. त्याचा रोख असा होता की गरिबांची घरं आणि पोटं सुधारत नाहीत तोवर ही दुकानं वाढतच राहणार.

स्पर्धा वाढली की जाहिरात आली. काचेवर 1845 पर्यंत जबर कर होता, म्हणून काचेची बाटली महाग. मातीची बुधली त्यामानाने परवडणारी. दुकानदार कुंभाराकडे मागणी नोंदवी आणि बुधलीवर स्वतःचं नाव, दुकानाचं नाव, गल्लीचा पत्ता ठशाने उठवून घेई. आज आपल्याला कापडाच्या दुकानातून नाव छापलेली पिशवी मिळते ना, तसंच. फरक एवढाच की पिशवी आपण टाकून देतो आणि ही बुधली लोकांनी फडताळात जपून ठेवली.

मग तिला आकार कसला द्यायचा? मासा, बूट, पिस्तूल, पिंप, असे आकार निघतच होते. पण 1830 नंतर ज्या गोष्टीने सगळ्यांच्या तोंडी घर केलं होतं, ती होती राजकारण.

1832 चं वादळ

प्रश्न प्रतिनिधित्वाचा होता. ओल्ड सॅरम नावाच्या गावात वस्ती जवळपास संपलेली, मतदार बोटांवर मोजण्याइतके, पण संसदेत जागा दोन. उलट मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स ही गिरण्या-कारखान्यांची प्रचंड शहरं, आणि त्यांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नाही. ओसाड गावांच्या जागा जमीनदारांच्या खिशात. मतदान उघड, हात वर करून किंवा मोठ्याने नाव सांगून. म्हणजे मालकाच्या डोळ्यांदेखत.

1830 मध्ये अर्ल ग्रे पंतप्रधान झाले. मार्च 1831 मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांनी सुधारणा विधेयक मांडलं. दुसऱ्या वाचनाला ते फक्त एका मताने तगलं, 302 विरुद्ध 301. पुढे निवडणूक झाली, सुधारणावाद्यांना मोठं बहुमत मिळालं, पण ऑक्टोबर 1831 मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने विधेयक फेटाळलं. देश पेटला. नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला गेला, ब्रिस्टलमध्ये तीन दिवस दंगल चालली. मे 1832 मध्ये ग्रे यांनी राजीनामा दिला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना सरकार बनवता आलं नाही, ग्रे परत आले. शेवटी राजा चौथा विल्यम नवे लॉर्ड नेमायला तयार झाला, त्या धाकाने विरोधक वाटेतून बाजूला झाले. 7 जून 1832 रोजी कायदा झाला.

या सगळ्या गदारोळात एक भारतीय माणूस इंग्लंडमध्ये होता. राजा राममोहन रॉय 1831 मध्ये तिथे पोचले होते आणि या विधेयकाकडे डोळे लावून बसले होते. ते नापास झालं तर आपण इंग्लंडशी संबंधच तोडू, इतक्या टोकाची भूमिका त्यांनी उघडपणे घेतली होती. म्हणजे हा केवळ त्यांचा घरगुती प्रश्न नव्हता. याच संसदेत हिंदुस्थानचं भवितव्य ठरत होतं, आणि 1833 चा सनदी कायदा सुधारलेल्या संसदेनेच केला.

आता त्या बुधल्या परत बघू. राजा विल्यम आहे, त्याच्याखाली 'रिफॉर्म कॉर्डियल' असं लिहिलेलं. ग्रे आहेत, रसेल आहेत. आयर्लंडचे डॅनियल ओकॉनेल आहेत. आणि सर्वांत लाडके लॉर्ड ब्रूम, त्या वेळचे लॉर्ड चॅन्सेलर. त्यांच्या हातातल्या गुंडाळीवर 'दुसरा मॅग्ना कार्टा' अशी अक्षरं. ब्रूम म्हणजे इंग्रजीत झाडू, त्यामुळे व्यंगचित्रकारांना त्यांच्या नावावर आयती कोटी मिळाली होती.

कॉर्डियल हा शब्दही समजून घ्यायला हवा. एका अर्थी ते शक्ती देणारं औषधी पेय. पण गुत्त्यात 'कॉर्डियल जिन' म्हणजे साखर घातलेली गोड जिन. काही बुधल्यांवर 'सुधारणेचं खरं स्पिरिट' असंही आहे. स्पिरिट म्हणजे चैतन्य आणि स्पिरिट म्हणजे दारू. म्हणजे बूच काढा, राजाच्या डोक्यातून सुधारणा ओता आणि घोटभर प्या. यात आदर आहे की टवाळी? आमच्या मते दोन्ही आहेत. मूर्ती बनवणाऱ्याने कोट, केस, चेहरा मन लावून केलाय, ती टिंगलीची मूर्ती नाही. पण बड्या लोकांच्या डोक्याचं बूच काढण्यात मिळणारा आनंदही खोटा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. राणी अ‍ॅडलेडच्याही बुधल्या आहेत. ती सुधारणेच्या विरोधात राजाचे कान भरते, असा तेव्हा लोकांचा पक्का समज होता. तरी तिची मूर्ती विकली गेली. म्हणून या बुधल्यांना सरळ जनमताचा आरसा म्हणता येणार नाही. कुंभाराला गिऱ्हाईक हवं होतं, दुकानदाराला खप. ज्या चेहऱ्याला मागणी, तो चेहरा साच्यात.

प्यायले कोण, मत मिळालं कोणाला

इथे आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो.

कायद्याने 56 ओसाड मतदारसंघ पूर्ण रद्द केले. मोठ्या शहरांना जागा मिळाल्या. आणि नव्या मतदारसंघांत एक नाव होतं लॅम्बेथ! ज्या गल्ल्यांत या बुधल्या भाजल्या जात होत्या, त्या भागाला 1832 मध्ये पहिल्यांदा दोन खासदार मिळाले. म्हणजे कुंभारवाड्याला आनंद व्हायला खरं कारण होतं.

पण मत कोणाला? शहरात वर्षाला किमान 10 पौंड भाड्याच्या किमतीच्या घरात किंवा दुकानात राहणाऱ्या पुरुषाला. हिशोब करू. पौंडाचे 20 शिलिंग, म्हणजे 200 शिलिंग वर्षाला, आठवड्याला जवळजवळ 4 शिलिंग. एखाद्या मजुराची आठवड्याची मिळकत 10-15 शिलिंग असेल तर एवढं भाडं तो कुठून देणार? लंडनमध्ये भाडीच जास्त, म्हणून तिथे थोडे अधिक लोक आत आले. लीड्ससारख्या शहरात फार कमी. एकूण ढोबळमानाने पाच प्रौढ पुरुषांत एकाला मत मिळालं. चार बाहेर. दुकानदार आत आला, कारखान्याचा मालक आत आला. भट्टीत मीठ टाकणारा मजूर बहुधा बाहेरच राहिला.

आणि बायका? आधीच्या कायद्यांत स्त्रियांना मत नाही असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, ते रूढीने होतं. 1832 च्या कायद्याने मतदार म्हणजे 'पुरुष व्यक्ती' असं पहिल्यांदा शब्दांत बांधलं. ऑगस्ट 1832 मध्ये मेरी स्मिथ नावाच्या यॉर्कशायरच्या एका स्त्रीचा अर्ज हेन्री हंट यांनी संसदेत मांडला. ती कर भरते, कायदा मोडला तर शिक्षाही भोगावी लागेल, मग मत का नाही, असा तिचा सवाल होता. सभागृहात त्याची थट्टा झाली. जिन पॅलेसच्या फळीपाशी मात्र बाईने टाकलेलं नाणं पुरुषाच्या नाण्याइतकंच चालत होतं.

मग दोनच वर्षांत, 1834 मध्ये, याच सुधारलेल्या संसदेने नवा गरीब कायदा केला. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये या, असं त्याचं तत्त्व. तिथे नवरा, बायको, मुलं वेगवेगळी ठेवत. या कायद्याची लॉर्डांच्या सभागृहात जोरदार बाजू मांडणारे होते तेच लॉर्ड ब्रूम, बुधलीवरचे. ज्याच्या नावाने घोट घेतला, त्यानेच असं केलं, ही भावना 1838 च्या पीपल्स चार्टरमागे होती. सर्व पुरुषांना मत, गुप्त मतदान, या मागण्या तिथून पुढे आल्या.

आणखी एक योगायोग सांगतो. सप्टेंबर 1832 मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तीन महिन्यांच्या आत, प्रेस्टन शहरात जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सोबत्यांनी दारू पूर्ण सोडण्याची शपथ लिहून सह्या केल्या. एक वाट म्हणत होती, सुधारणेच्या नावाने प्या. दुसरी म्हणत होती, सुधारणा हवी तर आधी बाटली खाली ठेवा. ही दुसरी वाट पुढे मोठी चळवळ झाली.

पुढे काय झालं

1837 मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली आणि तिच्याही बुधल्या निघाल्या, शांतता आणि समृद्धीची शुभेच्छा कोरलेल्या. 1845 मध्ये 'पंच' या साप्ताहिकात डग्लस जेरॉल्ड यांची मिसेस कॉडल ही पात्रमाला गाजली. रात्री नवऱ्याला झोपू न देता बोलत राहणारी बायको. लगेच डोल्टनने कॉडल जोडप्याची बिछान्यातली बुधली काढली. राजकारणाकडून घरगुती विनोदाकडे असा हा प्रवास. त्यानंतर काच स्वस्त झाली आणि बुधल्यांचा काळ सरला.

डोल्टनचं काय झालं? जॉन यांचे चिरंजीव हेन्री डोल्टन यांनी 1846 मध्ये मिठाची झिलई दिलेले सांडपाण्याचे नळ बनवायला घेतले. कॉलऱ्याने इंग्लंड हादरलेलं होतं. 1817 मध्ये बंगालमधून पसरू लागलेली ती साथ 1831 च्या अखेरीस, म्हणजे ऐन सुधारणेच्या धामधुमीत, तिथे पोचली होती. शहरांना न पाझरणारे, न झिजणारे नळ हवे होते. तीच माती, तेच मीठ, तीच भट्टी. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत जमिनीखाली तपकिरी चकचकीत मातीचे पाईप निघतात, ते याच कुळातले. खरं सांगायचं तर गरीब वस्तीतल्या माणसाचं आयुष्य बुधलीपेक्षा या नळाने जास्त सुधारलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोल्टनने पुन्हा राजकारण्यांच्या बुधल्या काढल्या, लेस्ली हॅरडाइन या मूर्तिकाराकडून. त्याच सुमारास मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रीच्या रूपातली, थट्टेच्या सुरातली शाईची दौतही त्यांनी बनवली. 1832 मध्ये शब्दांनी बाहेर ठेवलेली स्त्री अशी मातीत आली, पण आधी थट्टा म्हणूनच. तिला समान मत मिळायला 1928 साल उजाडलं.

बुधली वाचायची कशी

शेवटी थोडं व्यवहाराचं. ब्रायटनच्या संग्रहालयात हेन्री विलेट यांनी जमवलेला लोकप्रिय मातीकामाचा मोठा संग्रह आहे. साध्या घरगुती भांड्यांतून देशाचा इतिहास दिसतो, या विचाराने त्यांनी तो कारखान्यांनुसार न लावता विषयांनुसार लावला. अशा संग्रहासमोर किंवा ऑनलाइन छायाचित्रासमोर उभं राहिलात तर चार प्रश्न विचारा. कोणाचा चेहरा आहे? कोणते शब्द आहेत? तळाशी किंवा पाठीवर कुंभाराचा ठसा आहे का? आणि दुकानदाराचं नाव, पत्ता आहे का? चेहरा साधारण काळ सांगतो, शब्द मनःस्थिती सांगतात, पत्ता गल्ली सांगतो. तपशील बोथट दिसले तर साचा झिजलेला असेल किंवा वस्तू नंतरची नक्कल असेल.

आणि पाचवा प्रश्न, जो वस्तूवर लिहिलेला नसतो: ही हातात धरणाऱ्याला मत होतं का? पाचांपैकी चार वेळा उत्तर 'नाही' असणार. तरी त्याने ती विकत घेतली, रिकामी झाल्यावर जपली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. मत नसलेल्या माणसालाही राजकारण आपलं वाटत होतं, याचा हा मातीचा पुरावा आहे.

आज इथेच थांबू.